कुंडीतली बारकी फळं: कागदी लिंबू, कुमक्वाट की आणखी काही?

बी-३०२: आपल्या सोसायटीच्या क्लबहाउसच्या पायरीजवळच्या दोन कुंड्यांत बारकी फळं धरली आहेत. एकीत हिरवी, दुसरीत नारिंगी. हिरवी म्हणजे कागदी लिंबं आणि नारिंगी म्हणजे कुमक्वाट (ते सालीसकट खायचं बारकं संत्र्यासारखं फळ), बरोबर ना? मुलं तोडून खाताहेत म्हणून विचारते.

ए-१०४: वहिनी, रंगावर जाऊ नका. साल नारिंगी व्हायला रात्री थंड लागतात. बडोद्यासारख्या उष्ण हवेत फळ आतून पिकलं तरी बाहेरून हिरवं राहू शकतं. दोन्हींतलं एकेक फळ आडवं कापा, देठ वर ठेवून बरोबर मधोमध, आणि फोटो टाका.

बी-३०२: 📷 दोन्हींचा गर नारिंगी निघाला! हिरव्याचासुद्धा.

ए-१०४: मग ते कागदी नव्हेच. कागदीचा गर फिकट हिरवट-पिवळा असतो आणि साल गराला घट्ट चिकटलेली. आता फाकी मोजा.

बी-३०२: हिरव्यात ८, नारिंगीत ९.

ए-१०४: दोन्ही कॅलामॉन्डिन, म्हणजे कुमक्वाटासारखंच दिसणारं त्याच्या नात्यातलं फळ. झाडाची जात एकच, फक्त पिकण्याची पायरी वेगळी. कुमक्वाटात साधारण ३ ते ६ फाकी असतात.

सी-५०१: नखानंही कळतं. कॅलामॉन्डिनची साल संत्र्यासारखी सुटून येते, कुमक्वाटची ओढावी लागते. मात्र साल गोड लागली म्हणून कुमक्वाट म्हणू नका, कॅलामॉन्डिनची सालही गोडसर असते. बी कापलीत तर कागदीची आतून पांढरी, या दोघांची हिरवी. त्यामुळे बीवरून फक्त कागदी वेगळं काढता येतं, या दोघांत निवड होत नाही.

डी-२०३: पण लांबट असतं तेच कुमक्वाट ना?

सी-५०१: लांबट आणि गोल, दोन्ही प्रकार आहेत काका. गोलच जास्त फसवतं. त्यात कॅलामॉन्डिन हा संत्रावर्गीय फळ आणि कुमक्वाट यांचाच संकर, त्यामुळे तोंडवळा सारखा येणारच. कुमक्वाटला तर १९१५ साली स्विंगल या वनस्पतिशास्त्रज्ञानं लिंबू-संत्र्यांपासून वेगळं काढून फॉर्च्युनेला हा स्वतंत्र गट दिला होता. आता बहुतेक जण ते पुन्हा सिट्रसमध्येच, म्हणजे लिंबू-संत्र्यांच्या गटातच धरतात.

बी-३०२: मुलांनी खाल्लं तर चालेल?

ए-१०४: फळ विषारी नाही. पण शोभेच्या रोपांवर नर्सरीत औषध मारलेलं असू शकतं आणि ही फळं मुलं सालीसकट खातात. नवीन आणलेल्या रोपाचा पहिला बहर खाऊ नये. पुढच्या बहराच्या वेळी आपल्या माळीदादांना फवारणीबद्दल विचारून घ्या.

बी-१०१: लोणचं होईल का हो याचं?

सी-५०१: काकू, लोणच्याला कागदीच घ्या. खंडेराव मार्केटात किंवा लारीवर (हातगाडीवर) निवडताना पातळ सालीचं, हातात जड लागणारं, पिवळं पडलेलं बघा. हिरवंगार कडक लिंबू रस कमी देतं. १ किलोला साधारण २०० ग्रॅम मीठ. कॅलामॉन्डिनची साल इतकी पातळ की मुरता मुरता लगदा होतो. त्याचा मुरंबा मात्र सुरेख होतो: ५०० ग्रॅम फळ, तेवढीच साखर, बिया फडक्यात बांधून शिजवताना सोडायच्या आणि शेवटी काढायच्या. घट्टपणा त्यांतूनच येतो. बिया तशाच भरडल्या गेल्या तर सगळं कडू.

डी-२०३: आमच्या गच्चीवरच्या कुंडीत संत्र्याचं कलम आहे. यंदा त्यावर खडबडीत सालीचं, पिवळं, आंबटढाण फळ आलं. संत्री बिघडली का?

ए-१०४: नाही काका, ती जंभेरी, लिंबाचीच एक जात. नागपुरी संत्र्याचं कलम बहुधा जंभेरीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपावर बांधतात. खोडावर वीतभर उंचीवर गाठ दिसेल, तिच्या खालून फुटलेली प्रत्येक फांदी जंभेरीची. पान चुरगाळून पाहा, लिंबाचा वास येईल, आणि कोवळे शेंडे लालसर असतील. फूट बोटभर असेल तर हातानंच मोडा. जाड झाली असेल तर खोडालगत सपाट कापा, खुंटी ठेवलीत तर तिथूनच परत दोन फुटतात. आणि गाठीच्या वरचं लाकूड नखानं जरा खरवडून बघा. हिरवं दिसलं तर कलम जिवंत आहे. तपकिरी, कोरडं निघालं तर त्या झाडाला संत्रं लागणार नाही, नवीन कलमच आणा.

डी-२०३: खरवडलं. हिरवं आहे. कात्री घेऊन वर जातोय.