फक्त ऑलिव्हच्या पानांसाठी धावायचे? मग पोट कशावर भरायचं?

निळी_शाई:
सध्या प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस वाचतोय. आठव्या भागात एक प्रसंग आहे आणि तो चार दिवस डोक्यातून जातच नाहीये. इसपू ४८०, थर्मोपिलीची लढाई नुकतीच झालीये, पर्शियन लोक पोटापाण्यासाठी स्वतःहून त्यांना येऊन मिळालेल्या काही ग्रीकांना विचारतात की बाकीचे ग्रीक सध्या करतायत काय. उत्तर मिळतं की ऑलिंपियाचा उत्सव चालू आहे, खेळ आणि घोड्यांच्या शर्यती बघतायत. बक्षीस काय? तर ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट. ते ऐकून एक पर्शियन सरदार म्हणतो, अरे आपण कसल्या माणसांशी लढायला आलोय, हे तर पैशासाठी नाही, मोठेपणासाठी झुंजतात.

वाचताना अंगावर काटा आला खरंच. पण मग प्रश्न पडला की हे खेळाडू जगायचे कशावर? दहा महिने सराव, त्यात शेवटचा महिना एलिसमध्ये, म्हणजे हे खेळ भरवणाऱ्या नगरात, पंचांच्या नजरेखाली काढायचा, मग घरचं कोण बघायचं? सगळे खरंच हौशी होते का? जाणकारांनी सांगा प्लीज.

उंबरठा:
प्रसंग सुंदरच आहे, पण त्यावरून ग्रीक खेळाडू पैसा घेत नव्हते असं समजू नका. ऑलिंपियात फक्त मुकुट मिळायचा हे खरं. डेल्फीला लॉरेल, नेमियाला सेलरी, इस्थमियाला पाइन. या चार ठिकाणी रोख काही नाही. पण माणूस मुकुट घालून घरी परतला की खरा हिशोब सुरू व्हायचा. अथेन्समध्ये कायदे करणाऱ्या सोलोनने ऑलिंपिक विजेत्याला ५०० ड्राक्मा (ग्रीक चांदीची नाणी) आणि इस्थमियाच्या विजेत्याला १०० असा नियम केला होता असं प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो, आणि त्याच ठिकाणी हेही सांगतो की तेव्हा एक मेंढी एका ड्राक्माला धरायचे. म्हणजे एक शर्यत जिंकली की ५०० मेंढ्यांचा कळप दारात! शिवाय नगराच्या खर्चाने जन्मभर जेवण.

आणि या चार सोडून बाकी गावोगावी ज्या स्पर्धा व्हायच्या तिथे उघड उघड किमती बक्षिसं असायची. अथेन्सची पॅनाथेनिया घ्या. तिथे तेलाचे कुंभ द्यायचे, एकेका कुंभात साधारण ३८-३९ लिटर ऑलिव्ह तेल. इसपू चौथ्या शतकातला एक शिलालेख मिळालाय त्यात यादीच आहे, लहान मुलांच्या धावण्यात पहिल्याला ५० कुंभ, दुसऱ्याला १०. लहान मुलांच्या हं! म्हणजे त्या पोराच्या घरी जवळजवळ दोन हजार लिटर तेल. एवढं कुठलं घर खाणार, ते विकायलाच जायचं. इटलीतल्या थडग्यांमध्ये हे कुंभ सापडलेत. मी म्युझियममध्ये एक जवळून पाहिलाय, एका बाजूला ढाल-भाला घेतलेली अथीना, तिच्या दोन्हीकडे खांब आणि खांबांवर कोंबडे, दुसऱ्या बाजूला ज्या खेळासाठी दिला त्याचं चित्र. बाकी भांड्यांची फॅशन बदलून लाल आकृत्या आल्या तरी या कुंभांवर जुन्याच काळ्या आकृत्या काढत राहिले.

ऍथलीट हा शब्दच बघा ना, मूळ ग्रीक ऍथलॉन म्हणजे बक्षीस, आणि बक्षिसासाठी झुंजतो तो ऍथलीट. हौशी खेळाडू म्हणजेच शुद्ध खेळाडू ही कल्पना १९व्या शतकातल्या इंग्लंडची. तिथल्या काही क्लबांनी अंगमेहनत करून पोट भरणाऱ्यांना स्पर्धेतूनच बाद केलं होतं, आणि मग ते सगळं ग्रीकांच्या नावावर खपवलं. त्याची किंमत अमेरिकन खेळाडू जिम थॉर्पने मोजली. १९१२ ला स्टॉकहोममध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली आणि आधी थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता म्हणून पुढच्याच वर्षी काढून घेतली. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो.

मोडीलिपी:
उंबरठा यांना +१. आणि तुमच्या प्रसंगातल्याच, म्हणजे ४८० च्याच ऑलिंपिकचे दोन किस्से देतो.

एक, क्रोटन नगराचा धावपटू अॅस्टिलोस. ओळीने तीन ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यती जिंकल्या, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी स्वतःचं नाव सिरॅक्यूज या दुसऱ्या नगराचा म्हणून पुकारायला लावलं, तिथल्या राजघराण्यातल्या हिएरॉनला खूश करायला. क्रोटनवाले इतके भडकले की त्याचा पुतळा पाडला आणि त्याच्या घराचा तुरुंग केला.

दुसरा थासोसचा थिआजेनीस. तो बॉक्सिंग आणि पँक्रेशन (कुस्ती आणि ठोसेबाजी एकत्र असलेला खेळ) दोन्हीत उतरला. बॉक्सिंगमध्ये यूथिमोसला हरवलं पण त्यात इतका थकला की पँक्रेशनला उभाच राहू शकला नाही, समोरचा न लढताच जिंकला. पंच म्हणाले तू बॉक्सिंगमध्ये मुद्दाम यूथिमोसचं नुकसान करायला उतरलास. दंड किती, तर एक टॅलेंट देवाला आणि एक यूथिमोसला. एक टॅलेंट म्हणजे ६००० ड्राक्मा! एवढा दंड एका खेळाडूला ठोठावतात म्हणजे त्याच्याकडे एवढा पैसा असू शकतो हे पंचांना माहीत होतं.

सांजवारा:
सगळं मान्य, पण मला वाटतं तुम्ही दोघं जरा जास्तच पैशाकडे झुकलात. डायगोरसचं काय मग? ऱ्होड्सचा हा बॉक्सर, स्वतः ऑलिंपिक विजेता. इसपू ४४८ ला त्याची दोन मुलं एकाच ऑलिंपिकमध्ये जिंकली, एक बॉक्सिंगमध्ये, एक पँक्रेशनमध्ये, आणि त्यांनी म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन गर्दीतून मिरवलं, लोक फुलं उधळतायत. तेव्हा एक स्पार्टन ओरडला, डायगोरस, आता मर, कारण याच्या वर फक्त देवांचा ऑलिंपस पर्वत उरला आणि तिथे काही तू चढणार नाहीस. हे मेंढ्यांच्या हिशोबात कसं बसवणार? तो पर्शियन सरदार चुकला नव्हता, त्याला अर्धंच दिसलं एवढंच.

मोडीलिपी:
सांजवारा, बरोबर आहे तुमचं, मी मान वगळत नाहीये. पण मान आणि पैसा वेगळे नव्हतेच ना. नाहीतर लाच कोणी दिली असती? इसपू ३८८ मध्ये थेसलीच्या यूपोलसने तीन बॉक्सरना पैसे देऊन हरायला लावलं, त्यातला एक तर आदल्या ऑलिंपिकचा विजेता. पकडले गेले, चौघांनाही दंड, आणि त्या पैशातून झ्यूस देवाचे सहा ब्राँझचे पुतळे उभे केले. तेही कुठे, तर स्टेडियममध्ये शिरायच्या वाटेवरच, म्हणजे प्रत्येक खेळाडूला शर्यतीला जाताना त्यांच्या शेजारूनच जावं लागणार. पहिल्यावर लिहिलं होतं की ऑलिंपियात विजय पैशाने नाही, पायांच्या वेगाने आणि अंगातल्या बळाने मिळवायचा. पुतळे गेले, पण दगडी चौथरे अजून तिथे ओळीने आहेत.

पुढे ३३२ ला अथेन्सच्या कॅलिपसने हेच पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच खेळांच्या स्पर्धेत केलं. अथेन्सने दंड माफ करा म्हणून माणूस पाठवला, एलिसने ऐकलं नाही, तर अथेन्सवाले ऑलिंपिकलाच यायचे बंद झाले. शेवटी डेल्फीच्या देवाने सांगितलं, आधी दंड भरा, तोवर तुम्हाला कौल नाही. मग भरला.

निळी_शाई:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. एकच विचारतो, पॅनाथेनियात दुसऱ्याला १० कुंभ होते, मग ऑलिंपियात दुसरा आलेल्याला काय?

उंबरठा:
काहीच नाही. दुसरा नंबर ही गोष्टच नव्हती तिथे. ग्रीक कवी पिंडरने एजिना बेटावरच्या अॅरिस्टोमेनीस नावाच्या पैलवानावर गीत लिहिलंय, तो डेल्फीला कुस्ती जिंकला म्हणून. त्यात ज्या चौघांना त्याने लोळवलं त्यांच्याबद्दल पण सांगितलंय. ते घरी आले तेव्हा आईजवळ गोड हसू उमटलं नाही, शत्रूंच्या नजरा चुकवत गल्लीबोळातून लपतछपत परतले. डेल्फीची ही गत, तर ऑलिंपियाची काय असेल बघा. जिंकणाऱ्याच्या गाण्यात पिंडरला या चौघांची आठवण ठेवावीशी वाटली म्हणून मला तो फार आवडतो.