सावरलेल्या माणसांना भाड्याने घर नको? 'घोडबंदरकर' यांना उत्तर

नीरजा_पाचपाखाडी: काल 'घोडबंदरकर' यांनी लिहिलं की त्यांच्या सोसायटीतला एक सभासद मानसिक आजारातून सावरलेल्या तिघांना फ्लॅट भाड्याने देतोय आणि कमिटीने ते थांबवावं, कारण "इथे लहान मुलं, म्हातारी माणसं राहतात". वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या वेळेवर, अर्धवेळ नोकरी, हिशेब माझ्यापेक्षा पक्का. तरी लिफ्टमध्ये तो शेजारी उभा असताना लोक मला विचारतात, "आता बरा आहे ना हा?" गणपतीची वर्गणी त्याच्याकडून घेतात, पण मांडवात रात्री जागायच्या यादीत त्याचं नाव कधीच नसतं. त्याला दया नको आहे, जागायची पाळी हवी आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम १९ आहे. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. मग त्यांनी जायचं कुठे?

घोडबंदरकर: ताई, कलमं मला सांगू नका, मी सेक्रेटरी आहे. उद्या कुणाच्या गोळ्या चुकल्या तर रात्री दोन वाजता फोन मलाच येणार. मागे एका भाडेकरूने असा धिंगाणा घातला की दार तोडावं लागलं. माझी आई त्याच मजल्यावर राहते. भीती खरी असते हो.

कोपरखैरणेकर: तो भाडेकरू मनोरुग्ण होता?

घोडबंदरकर: प्यायलेला होता. मुद्दा तोच आहे.

कोपरखैरणेकर: अजिबात तोच नाही! दारुड्याचं बिल या तिघांवर कशाला फाडता? आणि सेक्रेटरी आहात तर आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम, वाचा. भाडेकरू ठेवायला कमिटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं.

सानपाडा_मंदार: परवानगीचा विषय निघालाच आहे तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचंही बोला, म्हणजे घर भाड्याने दिलं की सोसायटी घेते ते जादा शुल्क. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, आमच्याकडे सर्रास घेतात. विचारलं तर पार्किंगचा स्टिकर अडवतात.

कळवा_खारेगाव: आमच्याकडे तर बॅचलर नको, मांसाहारी नको, आता हेही नको. सहकार खात्याच्या रजिस्ट्रारकडे तक्रार केली तर तारखांवर तारखा.

घोडबंदरकर: मेंटेनन्स थकवणारे मालक परदेशात बसतात, तेव्हा कुणी बोलत नाही! लिफ्टची दुरुस्ती कुणाच्या पैशातून करायची?

सानपाडा_मंदार: म्हणून भाडेकरूंना लुटायचं?

नीरजा_पाचपाखाडी: मंदार, वेगळा धागा काढा. इथे माणसांबद्दल बोलतोय आपण.

ऐरोली_रात्रपाळी: मी स्वतः बायपोलरचा पेशंट, म्हणजे मन कधी टोकाचं उत्साही, कधी टोकाचं उदास. लिथियमची गोळी घेतो, त्याने हाताला बारीक कंप सुटतो. शेजाऱ्यांकडे चहाचा कप धरला की बशी वाजते आणि सगळे गप्प होतात. मग मीच जाणं सोडलं. घोडबंदरकर, तुम्ही रात्री दोनची काळजी करता. मला संध्याकाळचे सात जड जातात, जेव्हा खाली सगळे गप्पा मारत असतात. आजार आटोक्यात ठेवायला मला डॉक्टर मिळाले, स्वमदत गटही मिळाला. शेजारी मिळाले नाहीत.

कोपरी_आजी: मी मनोरुग्णालयात नोकरी केली. माणूस बरा व्हायचा, आम्ही घरी पत्र टाकायचो, तर पत्ताच खोटा निघायचा. सख्ख्या भावांनी दिलेला. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. अख्खा महाराष्ट्र "ठाण्याला पाठवा" म्हणून चेष्टा करतो आणि आपणही हसतो. आता चार माणसं तिथून बाहेर पडून आपल्यातच राहायला आली, तर आपली दारं बंद?

घोडबंदरकर: आजी, तुमच्याशी वाद घालणार नाही. पण जबाबदार व्यक्तीचा फोन नंबर मला हवाच. डॉक्टरांचाही.

नीरजा_पाचपाखाडी: जबाबदार व्यक्तीचा घ्या, प्रत्येक भाडेकरूचा घेता तसा. डॉक्टरांचा का? मधुमेहाच्या पेशंटकडे मागता? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर नोटीस बोर्डावर लावा, सगळ्यांसाठी. तुमच्या इमारतीत रात्री झोप न येणारे हे तिघेच असतील असं समजू नका.

घोडबंदरकर: १४४१६ लावतो. डॉक्टरांचा नंबर सोडला. रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय येईल तेव्हा मी विरोध करणार नाही. बाजूने बोलेन असंही आत्ता म्हणत नाही.

ऐरोली_रात्रपाळी: मीटिंगला त्या तिघांनाही बोलवा. त्यांच्याबद्दल त्यांच्या पाठीमागे ठरवू नका.