कंपाउंड बो: नवा घ्यायचा की आहे तोच ट्यून करायचा? (अनुभव धागा)

अजिंक्यताऱ्याखाली
काल माळा आवरताना लेकीचा पहिला कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) हाती लागला. वरच्या लिम्बवर (धनुष्याच्या पात्यावर) तिने चिकटवलेलं फुलपाखराचं स्टिकर अजून तसंच. २०२३ चा ऑगस्ट आठवला. बर्लिनला एकाच दिवशी अदिती स्वामी आणि ओजस देवतळे दोघंही वर्ल्ड चॅम्पियन. साताऱ्यात सराव करणारी पोरं हो! अदिती १४९-१४७, आणि ओजसने तर फायनलला १५० पैकी १५० मारले. दुसऱ्या दिवसापासून घरात एकच धोशा, "बाबा, मला पण कंपाउंड."
आता ती दुसऱ्या बोवर आहे आणि उंची भसाभस वाढलीये. ड्रॉ लेंथचं (दोरी किती मागे ओढायची ते माप ठरवणारं) मॉड्यूल शेवटच्या खुणेवर आलं. सर म्हणतात नवा बघा. बो, स्कोप (नेमाची काच), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा), तीर धरून आकडा तीन लाखांच्या पुढे जातोय. तुम्ही कसं ठरवलंत? ट्यूनिंगचंही (बो नीट जुळवून घेण्याचं) लिहा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

कोथरूडची_काकू
मॉड्यूल संपलं ना? मग विषय संपला. आखूड ड्रॉ लेंथवर पोरं खांदा वर चढवून मारतात, ती सवय नंतर जाता जात नाही. आमच्या चिरंजीवांची अजून जातेय.

नॉकपॉइंट
काकू, थांबा जरा. आधी कंपनीच्या चार्टवर बघा, बऱ्याच कॅमना (बोच्या टोकांची चाकं) पुढच्या मापाची मॉड्यूल वेगळी मिळतात. बोच्या किमतीपुढे खर्च किरकोळ.
दुसरं, स्ट्रिंग-केबल कधी बदलल्या होत्या? दोरी ताणली की ड्रॉ लेंथ सरकते, पीप (दोरीतलं नेम धरायचं भोक) फिरतो, वरखालच्या कॅमचं टायमिंग जातं. मग मुलं म्हणतात बो खराब झाला. कान देऊन ऐका: फुल ड्रॉला (दोरी पूर्ण ओढल्यावर) दोन्ही स्टॉप (कॅमला अडवणारे खुंटे) एकदम लागायला हवेत. माझ्या बोला टक… टक असे दोन आवाज यायचे. प्रेसवर (बो दाबून धरणारं यंत्र) घेऊन एका केबलला अर्धा पीळ दिला, भिंत पुन्हा कडक लागायला लागली. पंधरा मिनिटांचं काम. नव्या बोसाठी पैसे साठवत होतो, त्यात स्कूटर आली :)

अजिंक्यताऱ्याखाली
भिंत म्हणजे?

नॉकपॉइंट
ओढून ओढून जिथे दोरी आणखी मागे येतच नाही ती जागा. ५० पाउंडांचा बो ७५ टक्के लेट-ऑफला (ओढ तेवढी हलकी होते) शेवटी साडेबारा पाउंडच हातात राहतो ना, तिथे टेकून नेम धरायचा. भिंत मऊ असेल तर नेम हलतो.

भाकरी_करपली
शीर्षक वाचून वाटलं सोसायटीच्या कंपाउंडबद्दल आहे 😀 वाचते आहे. तिकडचे कंदी पेढे कोणी पुण्याला आणणार असेल तर सांगा.

मिशिगनचा_मामा
इकडे बायकोसकट सगळे हरणांच्या सीझनसाठी बो घेतात. तेच ३०-३२ इंचांचे आखूड बो काही जण टार्गेटला वापरतात. ओढल्यावर दोरीचा कोन इतका तीव्र होतो की नाकाचं टोक दोरीला लागत नाही, मान पुढे काढावी लागते. मी ३८ इंची घेतला तेव्हा मान सरळ झाली. म्हणजे माझ्या बाबतीत नवा बोच बरोबर ठरला. लेकीचा एक्सल-टू-एक्सल (दोन्ही कॅमच्या आसांमधलं अंतर) किती आहे ते बघा आधी.
पेपर ट्यूनिंग घरी जमतं. फ्रेममध्ये कागद ताणायचा, पाच-सहा फुटांवरून मारायचा, मागे माती नाहीतर जाड फोम हवाच. पिसांचं भोक टोकाच्या वर गेलं असेल तर नॉक (तीराचं दोरीत अडकणारं टोक) उंच बसलाय, तो खाली घ्या किंवा रेस्ट (तीर टेकतो तो आधार) किंचित वर. तरीही फरक पडला नाही तर तीर रेस्टला घासतोय का बघा, पिसांना टाल्कम पावडर लावली की खूण दिसते.

कोथरूडची_काकू
पावडरीची आयडिया भारी. आमच्याकडे वॉक-बॅक करतात. उभ्या रेषेवर नेम धरून मागे मागे जायचं, स्कोपला हात लावायचा नाही. तीर खाली जाणारच, पण रेषा सोडून एका बाजूला सरकत गेले तर रेस्ट उलट बाजूला केसभर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची.

बुलढाणेकर
आमचा प्रथमेश जावकर राहिलाच की! हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, ओजस आणि तो, टीम गोल्ड. एवढंच सांगायला आलो.

नॉकपॉइंट
+१ 🙏 आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच. त्यामुळे नवे बो आणखी खपणार.
अजिंक्य, एक राहिलं. ड्रॉ लेंथ वाढली की तीर जास्त वाकतो, जुने तीर मऊ पडतात. बजेट करताना तीरही नवेच धरा, नाहीतर कितीही ट्यून करा, कागद फाटायचा तसाच फाटेल.

अजिंक्यताऱ्याखाली
धन्यवाद मंडळी. लेकीने हे वाचलं आणि आत्ता पावडरीचा डबा घेऊन अंगणात गेलीये. हिचा ओरडा मला.

भाकरी_करपली
😂 पेढ्यांचं काय झालं?

हिरकणी७
उशिरा आले, स्वयंपाक चालू होता. विषयाला धरून नाही पण सांगते. दसऱ्याला सासूबाईंनी लेकाच्या बोची पूजा केली, अगदी साग्रसंगीत. कॅमवर हळदकुंकू, वर अक्षता. कुंकू एक्सलच्या फटीत गेलं, पुढचे आठ दिवस मुलगा इअरबडने ते काढत होता. सासूबाई म्हणाल्या, पुढच्या स्पर्धेत मार्क वाढले तर मला सांग.

मिशिगनचा_मामा
मग वाढले का?

हिरकणी७
वाढले ना! आता दर शनिवारी कुंकवाची पुडी घेऊन बसतात. मुलगा बो त्याच्या मित्राकडे ठेवायला लागलाय.