कापलेलं गवत लॉनवरच सोडलं तर चालते का?

मनीषनगरची
घरामागे छोटं लॉन आहे, बहुतेक हरळीच. पाऊस सुरू झाला की गवत आवरत नाही. माळीदादा येतात, मशीन फिरवतात आणि कापलेलं सगळं गोण्यांत भरून फाटकाशी ठेवतात. कचरागाडीवाले ओल्या कचऱ्यात ते घेत नाहीत, गोण्या तिथेच सडतात, वास सुटतो. ते गवत लॉनवरच पडू दिलं तर? सासरे म्हणतात बुरशी येईल, साप लपतील. कोणी करून पाहिलं आहे का?

बेसारोड
आमच्या सोसायटीत एकदा सोडलं होतं. ढीग पडले, खालचं गवत पिवळं झालं. मी तरी उचलाच म्हणेन.

काळीमाती
ताई, नक्की सोडा. मी बरीच वर्षं सोडून राहिलो. ढीग का पडतात तेवढं फक्त समजून घ्या.

ताज्या गवतात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. बारीक कापलं तर ते पात्यांमधून खाली मातीवर उतरते आणि थोड्याच दिवसांत दिसेनासं होते. वाळलेल्या गवतात ३-४ टक्के नत्र असते, थोडं पालाशही. लॉनला वर्षभरात जेवढं नत्र लागते, त्यातला साधारण पाव हिस्सा यातूनच परत मिळू शकते. म्हणजे आपण गोणीत खत भरून फाटकाबाहेर ठेवतो आणि मग दुकानातून युरिया आणतो. मला हे पाहवत नाही, म्हणून एवढं लिहून राहिलो.

बेसारोडभाऊंकडे काय झालं असेल ते सांगतो. गवत गुडघ्याकडे जाईपर्यंत वाढू दिलं आणि एकाच दिवशी बुडापासून कापलं, की लांब पात्यांचे गठ्ठे पडतात. खाली हवा नाही, ऊन नाही. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. जुलै-ऑगस्टमध्ये त्यासाठी माळीदादांना लवकर-लवकर बोलवावं लागते. पण गोण्या भरणं आणि उचलणं वाचते, तर त्यांचंही काम लवकर आटोपते. मशीनचं पातं धारदार पाहिजे. बोथट पातं गवत फाडते, टोकं पांढरी पडतात.

आता आपल्या काळ्या मातीचं. ती पाणी धरून ठेवते, सततच्या झडीत वर तळं साचते. तेव्हा ओलं गवत कापूच नका, उघडीप मिळाली की दुपारी कापा. झडीमुळे वाढलंच जास्त, तर त्या खेपेचं मात्र दाताळ्यानं ओढून घ्या. लॉनवर बुरशीचे गोल डाग असतील किंवा लव्हाळ्याला, गाजरगवताला बी धरलं असेल तरीही उचला. उन्हाळ्यात काही चिंता नाही. पारा ४५ ला टेकतो तेव्हा तेच बारीक गवत मातीवर सावली धरते, ओल टिकते.

सासऱ्यांना सांगा, साप लपतो तो उंच गवतात किंवा कोपऱ्यातल्या ढिगात. पसरलेल्या बारीक गवतात त्याला लपायला जागाच नसते.

धरमपेठ_गच्ची
उचललेलं गवत एकटं कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका, अमोनियासारखा वास मारते. त्यात दुप्पट-तिप्पट सुका पालापाचोळा मिसळा. आणि वाळलं म्हणून काडी लावू नका कोणी, कचरा उघड्यावर जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांतच बंदी आली आहे.

मनीषनगरची
काका, खूप आभार. समोरच्या बाजूला थोडं मेक्सिकन जातीचं लॉनगवत आहे. तिथेही सोडू?

काळीमाती
नाही जी. मेक्सिकन फार दाट, उशीसारखं वाढते. कापलेलं खाली उतरतच नाही, वरच अडकते. तिथलं ओढून घ्या, सावलीत दोन दिवस वाळवा आणि लिंबाच्या, जास्वंदाच्या आळ्यात पातळ थर द्या. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा. मात्र लॉनवर तणनाशक मारलं असेल, तर ते गवत भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नका. माळीदादांना आधी हे विचारून घ्या.