घरच्या स्टिरिओचा आवाज चांगला की वाईट, हे ठरवायचं कुणी?

गणपती_पेठ (सांगली): पैसे आपले, खोली आपली, कान आपले. ऐकून बरं वाटलं की सिस्टीम चांगली. आमच्या दाजींनी टॉवर स्पीकर घेतले, तेव्हापासून माझे जुने छोटे बुकशेल्फ स्पीकर 'अचूक' नाहीत म्हणून रोज ऐकवतात. नसतील! मला गोड लागतात. बिघडलं कुठं?

तारजुळणी (मिरज): गोड, पण कशाशी ताडून? सतारमेकर गल्लीत जुळणी चालू असताना जरा उभे राहा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवतात, जवारी (तारेचा झणकार) खुलते आणि एकाच तारेतून वरचे स्वर झुळझुळायला लागतात. तो आवाज कानात घेऊन घरी या आणि ख्यालाचं रेकॉर्डिंग लावा. पुष्कळ सिस्टीमवर तंबोरा म्हणजे गायकामागं नुसती घूं घूं, तारा वेगळ्या कळतच नाहीत. तिथं 'मला आवडतं' म्हणून भागत नाही. सिस्टीम गाण्यातलं खातेय.

गणपती_पेठ: अहो, मी ख्याल ऐकतच नाही. सिंथेसायझरचा 'खरा' आवाज ऐकायला कुठल्या गल्लीत जाऊ?

तारजुळणी: मग बातम्या लावा. माणसाचा आवाज तर ओळखता? निवेदक पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटलं, तर खालचा आवाज फुगलाय.

स्लॅबखालचा (विश्रामबाग): ते फुगणं बऱ्याचदा खोलीचं असतं, स्पीकर बिचारा बदनाम. बारा फुटांवरच्या दोन समोरासमोर भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झची, म्हणजे खर्जातली, लाट अडकते. भिंतीजवळ तो स्वर घुमतो, मधोमध बसलात तर जवळजवळ गायब. त्यात आपल्याकडं वर स्लॅब, खाली फरशी, गालिचाचा पत्ता नाही. स्पीकर कोपऱ्यातून पुढं ओढा, खुर्ची हलवा, मग मत द्या. फुकटातलं काम आहे.

गणपती_पेठ: पुढं ओढले तर घरचे मला स्पीकरसकट बाहेर ठेवतील.

वायरमन_कराड: दाजींच्या टॉवरशी तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवला होता का? किंचित मोठा वाजणारा संच बहुतेक वेळा जास्त भरदार वाटतो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये मोजून मांडलंय. जुन्या अॅम्प्लिफायरवर खर्ज वाढवणारं लाउडनेसचं बटण त्यासाठीच असायचं. आवाज सारखा करा, कुठला संच चालू आहे ते न बघता ऐका. दुसऱ्याला बदलायला सांगा. त्यानंतरही तुमचेच आवडले, तर दाजींना गप्प बसावं लागेल.

किराणा_घराणं (मिरज): मी गणपती पेठेच्या बाजूनं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्या चांगल्या सिस्टीमवर लावल्या की आधी खरखर अंगावर येते. माझ्या जुन्या रेडिओसेटवर खाँसाहेब जवळ बसल्यासारखे वाटतात. मग त्या अचूकपणाचं करू काय?

तारजुळणी: खरखर तबकडीतच आहे. तुमचा सेट ती झाकतो, आणि सोबत खाँसाहेबांच्या आवाजाची धारही झाकतो.

किराणा_घराणं: झाकू दे की. धार शोधायला बसलो तर गाणं कधी ऐकू?