मदत हवी आहे: जत्रेतल्या नाटकांच्या फोटोंची नावं एकगठ्ठा कशी बदलू?

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात दरवर्षी जत्रेला मराठी नाटक होतं. नट गावचे, पेटी-तबलाही गावचाच. त्या नाटकांचे जुने फोटो मंडळाने माझ्याकडे सोपवलेत. कॅमेरे तिघांचे, त्यामुळे कॅमेऱ्याने दिलेलं 'डीएससी_०४१२' हे नाव प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये आहे. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले वेगळेच.

मला नावात वर्ष, नाटक आणि क्रमांक हवाय, तोही रंगमंचावर घडलं त्या क्रमाने. विंडोजमध्ये सगळ्या फायली निवडून एफ२ दाबलं, तर नाव एकच पडतं आणि पुढे कंसात आकडा येतो. घरच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, त्यात फायली हाताळायचा थुनार हा प्रोग्राम आहे, पण काही लांब मराठी नावांच्या फायली तिथे कॉपीच होत नाहीत.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. तारखेचे फोल्डर केले की पहिला अंक एका दिवसात जातो आणि उरलेले दुसऱ्या. नावं मराठीतच हवीत. गावातल्या कुणालाही आपल्या आजोबांची भूमिका शोधता आली पाहिजे.

फोंड्याहून उत्तर:

ताई, थुनारमध्येच होईल. आधी सगळ्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मग फायली निवडून एफ२ दाबा, नावं बदलायची वेगळी खिडकी उघडेल. तिथे तारीख-वेळ घालायचा पर्याय घ्या, पण तारीख फोटो काढल्याची निवडा, फायलीत बदल झाल्याची नको. साचा वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट-सेकंद असा द्या. नवी नावं शेजारीच दिसतात, ती वाचून मगच पुढे जा.

आता नावाप्रमाणे लावलं की मध्यरात्रीनंतरचे फोटो आधीच्यांना लागूनच येतात. फोल्डर तारखेचे नकोतच, नाटकाचे करा. क्रमांक शेवटी द्या आणि ००१ पासून द्या, नाहीतर कित्येक टीव्हींवर १ नंतर थेट १० येतो.

त्याआधी तिन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळतात का पाहा. पडदा उघडतानाचा फोटो तिघांकडेही असेल, त्यावरून फरक कळेल. तो फरक एक्झिफटूल या फोटोतली तारीख-वेळ बदलणाऱ्या प्रोग्रामने सगळ्या फोटोंत एकदम दुरुस्त होतो.

व्हॉट्सअ‍ॅप फोटोतली मूळ तारीख-वेळ काढून टाकतं. नावात दिवस असतो, पण तो फोटो पाठवल्याचा, काढल्याचा नव्हे. ते फोटो वेगळे ठेवा आणि वेशभूषा, नेपथ्य बघून हातानेच जागेवर लावा. त्याला दुसरा उपाय नाही.

कॉपी न होण्याचं कारण सांगतो. लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे साधारण ८५ चिन्हांत नाव बसवावं लागतं. नाटकाचं नाव ठेवा, नटांची यादी फोल्डरमध्ये वेगळ्या फायलीत लिहा.

डिचोलीहून:

देव बरें करूं! पडदा उघडतानाचे फोटो दोघांकडे सापडले. तिसरे काका पहिल्या अंकानंतर आले होते, त्यांचं घड्याळ मध्यंतरातल्या सत्काराच्या फोटोवरून जुळवते.