दीड मिलिमीटरचं भांडण
सुटे भाग जोडून छोटा मॉडेल ट्रक बनवायच्या किटमध्ये केबिनचं छप्पर दीड मिलिमीटर बुटकं, म्हणून अख्खं किट टाकाऊ, हे म्हणणं काही पटलं नाही बुवा. चूक आहेच, १:२४ मध्ये, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढं असताना, दीड म्हणजे खऱ्या ट्रकवर ३६ मिलिमीटर. ती बोलून दाखवायलाच हवी. पण १:२५ ची चाकं १:२४ च्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, लावताना चार टक्क्यांचा फरक आपण खुशाल पचवतोच की! माझ्या मागच्या किटची चासी पिळवटलेली निघाली. शिव्या घालत गरम पाण्यात धरून सरळ केली, मग पुट्टी, मग पॉलिश पेपर. दोन रविवार गेले, आणि खरं सांगू? मजेत गेले. ग्रिल, म्हणजे पुढची जाळी, चुकलेलं मात्र मीही माफ करत नाही. ट्रकचा चेहराच तो.